‘सगळं नॉर्मल मर्यादेत’ : केमोथेरपी, किडनी आणि आपले शोधनिबंध

मागे ऐकू येतंय ना? बरं.

आयोजकांनी मला विषय दिला होता, कॅन्सरच्या औषधोपचारात किडनीचं काम आणि रक्तातले क्षार. मी फोनवरच सांगितलं, यावर माहितीपर बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलवायचं असेल तर मी जरा भांडणार आहे. किडनीशी नाही, या विषयावर आपल्याकडे जे शोधनिबंध लिहिले जातात, त्यांच्याशी. ते हो म्हणाले, तेव्हा आता जबाबदारी त्यांची.

मी सरकारी मेडिकल कॉलेजांत बायोकेमिस्ट्री शिकवली. एम.डी.च्या मुलांना थीसिस लागतो, थीसिसला गाईड लागतो, आणि थीसिसमधून एखादा पेपर निघावा अशी सगळ्यांचीच इच्छा असते. त्यामुळे हा प्रकार मी आतून पाहिलेला आहे. आज मी कुठल्याही एका पेपरचं नाव घेणार नाही. दोष एकाचा नाही, साचाच तसा आहे.

साचा सांगतो. शीर्षक असतं, ‘केमोथेरपी घेणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांमधील मूत्रपिंडाचे कार्य व सीरम इलेक्ट्रोलाइट्स यांचा अभ्यास’. पहिलं वाक्य, कर्करोग हे जगभरातील मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. मग ५० किंवा १०० रुग्ण. केमोच्या आधी एकदा रक्त घेतलं, काही सायकल झाल्यावर पुन्हा घेतलं. युरिया, क्रिएटिनिन, युरिक अ‍ॅसिड, सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड. प्रत्येकाची सरासरी, पुढे अधिक-उणे, पुढे पी व्हॅल्यू, आणि जिथे ती ०.०५ च्या खाली गेली तिथे एक चांदणी. चर्चेत लिहायचं की आमचे निष्कर्ष अमक्यांशी जुळतात आणि तमक्यांशी जुळत नाहीत. शेवटी निष्कर्ष: केमोथेरपीदरम्यान मूत्रपिंडाच्या कार्यावर नियमित लक्ष ठेवणे गरजेचे आहे.

आता हे शेवटचं वाक्य खरं आहे का? शंभर टक्के खरं आहे. पण ते अभ्यास सुरू करायच्या आधीही खरं होतं! त्यासाठी शंभर माणसांच्या हातात दोनदा सुई खुपसायची काही गरज नव्हती. (हशा)

हसू नका, अशा प्रबंधांवर गाईड म्हणून माझीही सही आहे. एक प्रबंध तर मी चांगला म्हणून दाखवायचो. त्यात ‘सर्व मूल्ये नॉर्मल मर्यादेत आढळली’ असं एक वाक्य आहे. आज मला त्याच वाक्याबद्दल बोलायचं आहे.

क्रिएटिनिन म्हणजे काय? स्नायूंमधून रोज ठरावीक प्रमाणात निघणारा कचरा. किडनी तो गाळून बाहेर टाकते. गाळणी मंदावली की तो रक्तात साचतो. म्हणजे रक्तातला आकडा दोन गोष्टींवर अवलंबून, कचरा किती तयार होतोय आणि बाहेर किती जातोय. निरोगी माणसात पहिली बाजू साधारण स्थिर असते, म्हणून आपण तिच्याकडे दुर्लक्ष करतो. कॅन्सरच्या रुग्णात ती स्थिर नसते. माणूस वाळतो. मांड्या जातात, दंड जातात, गालफडं बसतात. कचऱ्याचा कारखानाच लहान होतो. अशा माणसाचं क्रिएटिनिन खाली जायला पाहिजे. ते जर जागच्या जागी राहिलं, तर ती आनंदाची बातमी नाही.

फळ्यावर एक उदाहरण मांडतो. हे मी रचलेलं आहे, पण अशी बाई कुठल्याही कॅन्सर ओपीडीत भेटेल. वय ५८, वजन ५२ किलो, क्रिएटिनिन ०.६. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं १९७६ सालचं सूत्र आहे. १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, खाली ७२ गुणिले क्रिएटिनिन घ्या, आणि स्त्री असेल तर उत्तर ०.८५ ने गुणा. उत्तर येतं मिनिटाला ८४ मिलिलिटर. ठीक आहे. तीन सायकलनंतर वजन ४६, क्रिएटिनिन ०.९. पुन्हा सूत्र लावा. साधारण ४९. बऱ्याच लॅबच्या छापील कागदावर स्त्रियांसाठी नॉर्मल मर्यादा ०.६ ते १.१ च्या आसपास असते. म्हणजे दोन्ही रिपोर्ट नॉर्मल! ठळक अक्षर नाही, बाण नाही. आणि बाईची गाळण्याची ताकद कागदोपत्री ८४ वरून ४९ वर आलेली आहे. बऱ्याच ठिकाणी ५० च्या खाली सिस्प्लॅटिन देत नाहीत. मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी २०११ साली तज्ज्ञांनी जे निकष ठरवले, त्यात तर ही रेषा ६० वर आहे.

आमच्या साच्यातल्या पेपरात या बाईची नोंद कशी होईल? ‘क्रिएटिनिन नॉर्मल मर्यादेत’ अशी.

या सूत्रालाही फार डोक्यावर घेऊ नका. ते कॅनडातल्या २४९ रुग्णांवरून काढलेलं आहे आणि त्यात जवळजवळ सगळे पुरुष होते. स्त्रियांसाठीचे ते १५ टक्के अंदाजाने कमी केलेले आहेत. शिवाय क्रिएटिनिन रोज बदलत असेल तर सूत्र लागूच पडत नाही. तरी नुसत्या क्रिएटिनिनपेक्षा ते बरं, कारण निदान वय आणि वजन विचारतं. आमचे निबंध वजनसुद्धा विचारत नाहीत. क्रिएटिनिन कुठल्या पद्धतीने मोजलं हेही पुष्कळदा लिहिलेलं नसतं. याफे यांची पिक्रिक अ‍ॅसिडची पद्धत १८८६ सालची आहे, आणि रक्तात बिलिरुबिन वाढलेलं असलं, किंवा साखर, कीटोन वाढलेले असले, की ती फसते. यकृतात पसरलेल्या कॅन्सरमध्ये बिलिरुबिन वाढणं काय दुर्मीळ आहे का?

हे नुसतं पुस्तकी नाही, कारण याच आकड्यावर डोस ठरतो. कार्बोप्लॅटिनचं काल्व्हर्ट यांचं १९८९ सालचं सूत्र असं: गाळण्याच्या दरात २५ मिळवा आणि ठरवलेल्या लक्ष्याने गुणा. लक्ष्य ५ धरलं तर ८४ ला डोस येतो ५४५ मिलिग्रॅम, ४९ ला ३७०. आता उलट बाजू बघा. हीच ४६ किलोची बाई फार वाळलेली आहे आणि क्रिएटिनिन ०.४ आलं. सूत्र म्हणतं किडनी झकास, १११. डोस ६८०! किडनी झकास वगैरे काही नाही, दंडात मांस उरलेलं नाही एवढंच. म्हणून काही ठिकाणी क्रिएटिनिन ०.७ पेक्षा कमी आलं तरी ०.७ च धरतात. तसं केलं की तोच डोस ४४३ होतो. एकाच बाईला, एकाच दिवशी, ६८० की ४४३? जास्त गेला तर प्लेटलेट कोसळतात. काल्व्हर्ट यांनी किडनीचं गाळणं किरणोत्सारी द्रव्य टोचून प्रत्यक्ष मोजलं होतं. आपण मोजणं सोडलं आणि सूत्र तेवढं ठेवलं. क्रिएटिनिन मोजायच्या पद्धती एकसारख्या केल्यावर हे अंदाज आणखी वर जाऊ लागले, तेव्हा २०१० साली अमेरिकेत सांगावं लागलं की सूत्रात १२५ च्या वरचा आकडा घालूच नका.

आता सरासरीकडे येतो. माझा खरा राग तिच्यावर आहे.

समजा ५० रुग्ण आहेत, सगळ्यांचं क्रिएटिनिन ०.८. केमोनंतर ४५ जणांचं तसंच राहिलं आणि पाच जणांचं १.८ झालं. या पाच जणांच्या किडनीला मोठा दणका बसलेला आहे. सरासरी किती झाली? ०.९. पेपरात लिहिणार, ‘किंचित वाढ, नॉर्मल मर्यादेत’. पाच माणसं त्या ‘किंचित’ शब्दाखाली गाडली गेली.

क्षारांचं तर आणखी गमतीदार. गमतीदार कसलं म्हणा. उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम उतरतं. रक्ताच्या कॅन्सरमध्ये औषध लागू पडून पेशी भराभर फुटल्या की पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक अ‍ॅसिड वर उसळतात. दोघेही मरणाच्या दारात असू शकतात, आणि दोघांची सरासरी ४.१ येते. सुंदर! ‘पोटॅशियममध्ये लक्षणीय बदल आढळला नाही.’

आणि ‘केमोथेरपी’ असा एकच शब्द. सिस्प्लॅटिन, आयफॉस्फामाइड, मेथोट्रेक्सेट, पॅक्लिटॅक्सेल, डॉक्सोरुबिसिन, सगळी एका पोत्यात. यातली काही औषधं किडनीला सोलून काढतात, काही तिच्या वाटेलाही जात नाहीत. आयफॉस्फामाइड किडनीच्या नळ्यांमधून फॉस्फेट गळायला लावतं. लहान मुलांत त्याने हाडं मऊ होतात, मुडदूस होतो. मोठ्या डोसातलं मेथोट्रेक्सेट आम्लधर्मी लघवीत नळ्यांमध्येच खड्यांसारखं जमतं, म्हणून लघवी अल्कधर्मी ठेवावी लागते. सायक्लोफॉस्फामाइड आणि विनक्रिस्टिनने शरीरात पाणी तुंबून सोडियम उतरतं. आणि यांची सगळ्यांची सरासरी! कर्जत लोकलमधले सगळे प्रवासी कुठल्या स्टेशनात उतरले याची सरासरी काढली तर ती मुंब्र्याच्या आसपास येईल. पण कर्जतला उतरणाऱ्याला मुंब्र्याचं तिकीट देऊन चालेल का?

शिवाय आजार स्वतःही किडनी बिघडवतो, हे विसरलं जातं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये गाठ मूत्रवाहिन्यांवर दाबते, लघवी मागे तुंबते, क्रिएटिनिन वाढतं. उपचारांनी गाठ वितळली की ते सुधारतं. म्हणजे एकीचं सिस्प्लॅटिनने बिघडलं, दुसरीचं सिस्प्लॅटिननेच सुधारलं, बेरीज शून्य. आणि आपण लिहिणार की औषध किडनीला सुरक्षित आहे.

रक्त कधी घेतलं? बहुतेक वेळा पुढच्या सायकलच्या आदल्या दिवशी, म्हणजे तीन आठवड्यांनी. का? रुग्ण तेव्हाच दवाखान्यात येतो म्हणून. पण सिस्प्लॅटिनचा तडाखा पहिल्या आठवडा-दहा दिवसांत दिसतो. तीन आठवड्यांनी पाऊस थांबलेला असतो, आपण अंगण कोरडं बघून लिहितो की पाऊस झालाच नाही. आणि जे परत आलेच नाहीत त्यांचं काय? शंभर घेतले, सत्तर जणांचे दोन्ही नमुने मिळाले, विश्लेषण सत्तरांचं. उरलेले तीस ‘पाठपुराव्यात गळाले’. कोणी गावी गेला असेल, कोणाचे पैसे संपले असतील. पण कोणाची लघवी बंद झाली म्हणून दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं असेल! आपला प्रश्न ज्यांच्याविषयी होता, नेमके तेच तक्त्याबाहेर.

आता मॅग्नेशियम. इथे मी थोडा वेळ घेणार आहे.

नात्यातल्या एक मावशी. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, रेडिएशन आणि दर आठवड्याला सिस्प्लॅटिन. पाचव्या आठवड्यात ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या, बोटं आखडायला लागली, छातीत धडधड. वॉर्डात म्हणाले, अशक्तपणा आहे, नारळपाणी द्या. इलेक्ट्रोलाइट्स केले तर पोटॅशियम २.८. सलाईनमधून दिलं, तोंडाने पोटॅशियमचं सिरप दिलं. चार दिवस. आकडा हलेना. मला फोन आला तेव्हा मी विचारलं, मॅग्नेशियम किती आहे? तिकडून उत्तर, “सर, इलेक्ट्रोलाइट्स केलेत ना.” मी म्हटलं, बाळा, इलेक्ट्रोलाइट्समध्ये मॅग्नेशियम कुठे आहे? आपलं मशीन सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड छापतं आणि आपल्याला वाटतं क्षार तीनच. मग केलं. ०.८ आलं. नॉर्मल साधारण १.७ च्या पुढे. मॅग्नेशियम शिरेतून सुरू केल्यावर दोन दिवसांत पोटॅशियम वर यायला लागलं.

असं का होतं, तर किडनीच्या नळीतल्या पेशींना पोटॅशियम बाहेर सोडायची दारं असतात आणि पेशीतलं मॅग्नेशियम त्या दारांना अडसरासारखं बसलेलं असतं. मॅग्नेशियम गेलं की दारं सताड उघडी. तुम्ही वरून कितीही पोटॅशियम ओता, लघवीतून वाहून जाणार. मॅग्नेशियम फार उतरलं की पॅराथायरॉइडचं काम मंदावतं आणि कॅल्शियमही घसरतं. मावशींची बोटं आखडत होती ती त्यामुळे.

मला चीड कशाची आली सांगू? ही काही नवी गोष्ट नव्हे. शिल्स्की आणि अँडरसन यांनी १९७९ सालीच लिहून ठेवलंय की सिस्प्लॅटिनने किडनी मॅग्नेशियम गाळते. त्यांनी रक्तातलं कमी झालेलं मॅग्नेशियम नोंदवलं आणि तिथेच थांबले नाहीत. ते जातंय कुठे हे लघवीत मोजून दाखवलं. रक्तात कमी असूनही लघवीत जात असेल तर दोष किडनीचा. साधा विचार आहे, पण प्रश्न विचारलेला आहे. आणि इतकी वर्षं उलटूनही आमच्या ‘केमोथेरपी व इलेक्ट्रोलाइट्स’ या शीर्षकाच्या निबंधात मॅग्नेशियमचा रकाना पुष्कळदा नसतो. क्लोराइडचा असतो! क्लोराइड मशीनमधून फुकट येतं ना.

मी रुग्णसंख्येबद्दल तक्रार करत नाहीये, हे लक्षात घ्या. परीक्षक थीसिसवर हमखास शेरा मारतात, ‘सॅम्पल साइज लहान आहे’. लहान असू द्या की. नेदरलँड्समध्ये एका कुटुंबातल्या दोन बहिणींचं मॅग्नेशियम जन्मापासून कमी होतं. दोनच रुग्ण. संशोधकांनी त्यांच्यातला जनुकातला दोष शोधला, तो निघाला पेशींच्या वाढीचा संदेश देणाऱ्या एका प्रथिनात. मॅग्नेशियम परत शोषणारं दार उघडं ठेवायला तोच संदेश लागतो. सेटुक्सिमॅब हे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं औषध नेमका तोच संदेश अडवतं, आणि ते घेणाऱ्यांचं मॅग्नेशियम उतरतं. २००७ साली हे सगळं जुळलं. दोन बहिणींनी जे सांगितलं ते आपल्या शंभरांच्या सरासरीने कधीच सांगितलं नसतं.

सिस्प्लॅटिनची स्वतःची गोष्टही हेच सांगते. रेणू जुना, १८४५ सालचा. १९६५ मध्ये रोझेनबर्ग यांनी जिवाणूंवर विजेच्या प्रवाहाचा परिणाम बघताना पाहिलं की जिवाणू विभागायचे थांबलेत आणि लांबत चाललेत. ते वीज नव्हे, प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून सुटलेलं रसायन करत होतं. पुढे माणसांत दिलं तर गाठी वितळल्या, पण किडन्या इतक्या बिघडायला लागल्या की औषध गुंडाळून ठेवायची वेळ आली. मग १९७७ मध्ये स्विट्कोविच आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की भरपूर सलाईन आणि मॅनिटॉल दिलं तर मोठा डोससुद्धा झेपतो. पुढच्याच वर्षी अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. आज वृषणाच्या कॅन्सरचे तरुण पसरलेल्या आजारातूनही बरे होऊन घरी जातात, त्यात किडनीकडे नीट बघणाऱ्यांचा मोठा वाटा आहे. किडनीवरचा अभ्यास म्हणजे दुय्यम काम, जाता जाता करायचं, असं वाटत असेल तर हा इतिहास वाचा.

दुसरीकडची चूकही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही घाबरून औषधच नको म्हणाल. स्तनाच्या कॅन्सरचं अ‍ॅबेमासिक्लिब नावाचं गोळीतलं औषध आहे. ते सुरू केल्यावर पहिल्या महिन्यातच क्रिएटिनिन वाढतं. किडनी बिघडली? नाही. क्रिएटिनिनचा थोडा हिस्सा गाळण्याशिवाय नळ्यांच्या पेशीही बाहेर टाकतात, आणि हे औषध तेवढं दार अडवतं. गाळणं जसंच्या तसं असतं. आमचा साचा इथे लावला तर चांदणीसकट पेपर निघेल, ‘औषध मूत्रपिंडास घातक’. आणि कोणीतरी ते वाचून एखादीची चालू असलेली गोळी बंद करेल. अशा वेळी सिस्टॅटिन सी मोजून बघता येतं. अर्थात तेही स्टेरॉइडने चढतं आणि कॅन्सरच्या रुग्णांना स्टेरॉइड सर्रास असतात. पण तो वेगळा विषय.

भीतीचीही किंमत असते. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या ३०० रुग्णांवर चाचणी झाली, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. रेडिएशनबरोबर निम्म्यांना दर आठवड्याला ३० मिलिग्रॅमचा सिस्प्लॅटिनचा सौम्य डोस, निम्म्यांना दर तीन आठवड्यांनी १०० चा. दोन वर्षांनी आजार जागच्या जागी ताब्यात होता ५८.५ टक्क्यांत आणि ७३.१ टक्क्यांत. तीव्र दुष्परिणाम मोठ्या डोसात जास्त, ८४.६ टक्के विरुद्ध ७१.६. म्हणजे मोठ्या डोसाने त्रास वाढला आणि फायदाही वाढला. मग हा डोस कोणाची किडनी पेलेल, हे नीट ओळखता येणं केवढं महत्त्वाचं! ज्यांना सिस्प्लॅटिन झेपणारच नाही अशांना डोसिटॅक्सेल देऊन त्याच संस्थेने आणखी एक चाचणी केली, २०२३ मध्ये आली, ३५६ रुग्ण. नुसत्या रेडिएशनपेक्षा फायदा दिसला. तेव्हा दोन वाटा आहेत, आणि फाट्यावर पाटी कोणाची? पुष्कळदा त्या क्रिएटिनिनची. पाटी चुकली तर माणूस दोन्हीकडे चुकतो.

या चाचण्यांत दुष्परिणाम कसे मांडतात तेही बघा. किती माणसांना कुठल्या ग्रेडचा त्रास झाला, अशी माणसं मोजतात. सरासरी क्रिएटिनिन नाही. त्यातही खोट आहे. काही पेपर फक्त ग्रेड तीन आणि चारच छापतात आणि महिनोन्‌महिने रेंगाळणारा ग्रेड दोनचा मॅग्नेशियमचा तुटवडा दिसतच नाही. पण निदान माणूस मोजलेला असतो. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या सहा केंद्रांतल्या चोवीस हजारांहून जास्त रुग्णांवरून सिस्प्लॅटिननंतर कोणाची किडनी गंभीर बिघडेल हे आधी ओळखायचं गणित प्रसिद्ध झालं. त्यात वय, रक्तदाब, मधुमेह आहे, आणि अल्ब्युमिन आणि मॅग्नेशियमही आहे. आपल्याकडे ज्यांचे रकाने नसतात तेच.

अल्ब्युमिनवरून एक राहिलं. कॅल्शियम १०.० आलं की आपण पुढे जातो. रुग्णाचं अल्ब्युमिन २.२ असेल तर प्रचलित दुरुस्तीने ते ११.४ होतं. हाडात पसरलेल्या कॅन्सरचा रुग्ण गुंगीत असतो, घरच्यांना वाटतं औषधांनी झोप येतेय.

मुलांवर मी सगळा दोष टाकत नाही. निवासी डॉक्टर रात्रभर ड्यूटी करून सकाळी नमुने गोळा करतो. मॅग्नेशियमचं किट संपलेलं असतं. गाईडला सहीची घाई असते. साचा सोपा आहे म्हणून टिकला, त्यात कोणी नापास होत नाही. नापास करायला आम्ही बसलो होतो आणि आम्ही केलं नाही. बस, प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, मी सेकंड इयर एम.डी.ला आहे. माझा थीसिसचा विषय जवळपास तुम्ही म्हणालात तोच आहे. आता सिनॉप्सिस मंजूर झालंय. काय करू?

अरे, घाबरू नकोस. शीर्षक राहू दे, आतलं बदल. एक औषध घे, एकच कॅन्सर. सिस्प्लॅटिन आणि गर्भाशयमुख घेतलंस तर तुझ्याच कॉलेजात रुग्ण मिळतील. मूत्रवाहिन्या तुंबल्यात का हे सोनोग्राफीवरून आधी नोंदव आणि ते रुग्ण वेगळे ठेव. तीन आठवड्यांनी एकदा नको, दर आठवड्याला घे. तसंही त्या रेडिएशनला रोज येतात. दर वेळी वजन. मॅग्नेशियम आणि अल्ब्युमिन हवंच. जमलं तर त्याच दिवशीची थोडी लघवी, मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिनसाठी. मग प्रत्येक बाईची एक रेघ काढ. चाळीस बायका, चाळीस रेघा, एकाच आलेखावर. सरासरी काढायची असली तर शेवटी काढ, रेघांच्या खाली. आणि किती जणींचा डोस पुढे ढकलला, किती जणींचा बंद केला, किती आल्या नाहीत आणि का, हे फोन करून विचारून लिही. तुझे परीक्षक पी व्हॅल्यू मागतील. माझं नाव सांग.

प्रश्न: माझ्या भावाला तोंडाचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे. आम्हाला दर वेळी सांगतात रिपोर्ट नॉर्मल आहे. आम्ही घरच्यांनी काय बघायचं?

ताई, एक करा. पहिल्या दिवसापासूनचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाईलला लावा. क्रिएटिनिनचा आकडा नॉर्मल आहे का हे बघू नका, त्यांच्याच पहिल्या आकड्यापेक्षा किती वाढलाय ते बघा आणि डॉक्टरांना तेवढंच दाखवा. वजन दर आठवड्याला लिहा. दुखतं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असलं काही परस्पर आणत असाल तर ते आधी सांगा. केमो चालू असताना ते किडनीला फार महागात पडतं. उलट्या होऊन दिवसभर लघवी कमी झाली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. मॅग्नेशियम केलंय का, एवढं नम्रपणे विचारा. विचारल्याचा राग कोणाला येऊ नये. आला तरी विचारा.

ताई: आणि नारळपाणी? सगळे सांगतात रोज दोन द्या.

त्यात पोटॅशियम भरपूर असतं. त्यांचं पोटॅशियम उतरलं असेल तर चालेल, किडनी मंदावून चढलेलं असेल तर तेच नारळपाणी घातक. शेवटचा पोटॅशियमचा आकडा किती होता?

ताई: ते नाही लक्षात.

फाईल आणलीय का बरोबर? मग या इकडे, बघू.